वलांडीवरचं बीजगणित

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर बोंबील सुकत घालतात ते थांबून बघण्यासारखं असतं. एका बोंबलाच्या उघड्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी मासे सुकवायच्या वलांडीच्या दोरीवर टाकायची, एक धड अलीकडे, एक पलीकडे. ना चिमटा लागत, ना सुतळी. खाली जमिनीवर जवळा पसरलेला, समोर पाण्यात खांदेरी आणि उंदेरी. वासामुळे नाकाला रुमाल लावणारे पाहुणे लांबूनच फोटो काढून निघून जातात. मी एकदा त्या वलांडीखाली तासभर उभा राहिलो, कारण मला तिथे बीजगणित दिसायला लागलं होतं.

बोंबील दोन तास उन्हात राहिला, मग आणखी तीन तास राहिला, तर एकूण पाच तास सुकला. ऊन सारखंच आहे असं धरू. ‘दोन तास सुकवणे’ ही एक क्रिया, ‘तीन तास सुकवणे’ ही दुसरी, आणि दोन्ही एकापाठोपाठ केल्या की ‘पाच तास सुकवणे’ ही तिसरी तयार होते. ‘शून्य तास सुकवणे’ म्हणजे बोंबील आहे तसाच. पण ‘उणे दोन तास सुकवणे’ अशी क्रिया थळमध्ये काय, कुठेच नाही. गेलेलं पाणी ऊन परत आणून देत नाही.

शाळेच्या गणिताने आपल्याला परतीच्या तिकिटाची सवय लावली आहे. पाच मिळवले तर पाच वजा करता येतात, तिनाने गुणलं तर तिनाने भागता येतं. ही उलट फिरायची सोय ज्या रचनेत कायमची असते तिला गणितात गट म्हणतात, ग्रुप. घड्याळातले तास हा गट आहे, रुबिकच्या ठोकळ्याची फिरवाफिरव हा गट आहे. आता त्या गटातून परतीचं तिकीट काढून घ्या. ‘काहीच न करणे’ या क्रियेचीही सक्ती ठेवू नका. जे उरतं ते सेमीग्रुप, मराठीत अर्धगट. ‘काहीच न करणे’ शिल्लक ठेवलंत तर त्याला मोनॉइड म्हणतात. वलांडीवरचं सुकवणं मोनॉइड आहे.

अर्धगट या नावावर माझा जुना राग आहे. १९०४ साली द सेगिए या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या पुस्तकात ‘सेमी’ हा उपसर्ग लावला आणि तो चिकटला. नाव ऐकून वाटतं, गटातला अर्धा भाग सांडला आणि उरलेलं हे. प्रत्यक्षात ज्याला अर्धा म्हणतात तोच समुद्र आहे आणि गट ही त्यातली बेटं. किती मोठा समुद्र, त्याचा आकडा पुढे येईल.

इतकं सगळं सोडून दिल्यावर हातात नियम उरतो एकच, आठवी-नववीच्या पुस्तकातला साहचर्य नियम. क, ख, ग या तीन गोष्टी त्याच क्रमाने जोडायच्या आहेत. आधी क आणि ख जोडून त्याला ग लावा, किंवा आधी ख आणि ग जोडून ठेवा आणि मग क ला लावा, उत्तर तेच यायला हवं. लक्षात घ्या, क्रम बदलायची मुभा नाही. आधी मीठ मग ऊन आणि आधी ऊन मग मीठ यांतला फरक थळच्या कुठल्याही घरात विचारून बघा. साहचर्य क्रमाबद्दल बोलत नाही, ते कंसाबद्दल बोलतं. क्रम ठेवा, कंस कुठेही टाका.

हा नियम इतका बिनबोभाट वाटतो की तो मोडतो कुठे हे पटकन आठवत नाही. वजाबाकीत मोडतो. ८ मधून ३ गेले, त्यातून २ गेले, उरले ३. पण ३ मधून २ आधी काढून मग ८ मधून वजा केलं, तर उरतात ७. मला त्याहून आवडतं ते पोरांचं दगड-कागद-कात्री. दोघांची गाठ पडली की जो जिंकतो तो उरतो, एवढाच नियम. दगड आणि कागद यांच्यात कागद उरला, त्याची कात्रीशी गाठ घातली, उरली कात्री. आता कंस सरकवा. कागद आणि कात्री यांच्यात कात्री उरली, तिची दगडाशी गाठ घातली, उरला दगड. खेळाडू तेच, रांग तीच, राजा वेगळा. या खेळात कुणाची गाठ आधी लागली यावर सगळं ठरतं, म्हणून हा सेमीग्रुप नाही.

साहचर्य असलं की मात्र काम वाटून घेता येतं. वीस होड्यांची मासळी तोलायची असेल तर चार जणांनी पाच-पाच होड्या तोलाव्यात आणि शेवटी चार बेरजा एकत्र कराव्यात. कंस कुठेही पडला तरी फरक नाही, म्हणून ही सोय. हजारो संगणकांवर एकच हिशोब तुकडे करून चालवतात, तेव्हा तेही याच एका नियमावर विसंबून असतात. आणि एखादी क्रिया सोळा वेळा करायची असेल तर पंधरा वेळा जोडत बसावं लागत नाही. दुप्पट, तिची दुप्पट, तिची दुप्पट, तिची दुप्पट, चार पावलांत सोळा. घात काढायची ही दुपटीची युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे, वृत्तांचे प्रकार मोजण्यासाठी.

आता किनाऱ्यावर होड्या लागल्यात आणि लिलाव सुरू झालाय असं समजा. हजार, बाराशे, अकराशे कुणी म्हटलं तर त्याच्याकडे कुणी बघतही नाही, पंधराशे. लिलावाला फक्त सगळ्यात मोठा आकडा कळतो. ‘दोन आकड्यांतला मोठा तो ठेवा’ ही क्रिया साहचर्य पाळते. क्रमही पाळायची गरज नाही. आणि तीच बोली पुन्हा लावली तर काही बदलत नाही: पंधराशे आणि पंधराशे मिळून पंधराशेच. पण उलट फिरायची वाट साफ बंद. पंधराशेवर गेलेला लिलाव बाराशेवर आणील अशी बोली नसते. आणि पंधराशे या आकड्याकडे बघून आधी कोण काय बोललं हे कुणालाही सांगता येणार नाही. लिलाव हा विसरभोळा सेमीग्रुप आहे.

त्याहून विसरभोळी असते ती भावाची पाटी. पुसली, नवा भाव लिहिला. शेवटी जो लिहिला तो खरा, आधीचे सगळे गेले. ही ‘शेवटचा तो खरा’ क्रियाही साहचर्य पाळते, करून बघा. तिचं उलटं भावंड म्हणजे ‘पहिला आला त्याची जागा’, एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाचा नियम. तोही सेमीग्रुप.

आणि आता एकदम दुसरं टोक. अलिबाग–पेण रस्त्याने कार्लेखिंडीकडे निघालात की उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा अलिबागचा कांदा चवीला गोडसर, आणि त्याच्या सुकलेल्या पाती एकमेकींत गुंफून त्याची वेणी घालतात. पातींची गुंफण जरा गुंतागुंतीची असते, म्हणून आपण शाळेत जाणाऱ्या मुलीची तीन पेडांची वेणी घेऊ. ती घालताना हात दोनच गोष्टी करतात. डावा पेड मधल्यावरून आणायचा, किंवा उजवा पेड मधल्यावरून आणायचा. पहिलीला ‘डा’ म्हणू, दुसरीला ‘उ’. नेहमीची वेणी म्हणजे डा उ डा उ डा उ. कुणी विसराळूपणाने डा डा उ केलं तर ती वाकडी येते आणि आईचा धपाटा बसतो.

प्रश्न असा: डा आणि उ यांच्या दोन वेगवेगळ्या रांगांतून शेवटी एकच वेणी तयार होऊ शकते का? म्हणजे दोन्ही टोकं पक्की धरून, मधले पेड ओढून, सैल करून, सरकवून एक वेणी दुसरीसारखी करता येईल का? ‘पाचात तीन मिळवा’ आणि ‘चारात चार मिळवा’ या वेगळ्या वाटा आठावर येऊन मिळतातच की. वेणीचं तसं होतं का?

याचा निकाल लावायला एक वही ठेवू. वहीत दोन आकडे, डावीकडे १, उजवीकडे १. डा केलं की डावा आकडा पुसून तिथे दोघांची बेरीज लिहायची. उ केलं की उजवा पुसून तिथे बेरीज. नेहमीची वेणी घालत गेलो तर वहीत काय होतं बघा: (२, १), मग (२, ३), मग (५, ३), मग (५, ८), मग (१३, ८). १, १, २, ३, ५, ८, १३. बाहेरच्या जगात ज्यांना फिबोनाचीचे आकडे म्हणतात आणि विरहांक-हेमचंद्रांनी लघु-गुरूंचे छंद मोजताना जे त्याच्या आधी मांडले होते, ते आकडे रोज सकाळी सातला, शाळेची घाई चालू असताना, पाठीवर रुळत असतात.

हे आकडे मी मनाला येईल तसे चिकटवलेले नाहीत. टोकं धरून वेणीचे पेड कितीही हलवलेत तरी वहीतली जोडी बदलत नाही, एवढं नातं पक्कं आहे. एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ साली वेण्यांचा सिद्धांत मांडला, त्यातून ते सिद्ध होतं. आणि आता खरी गंमत. समजा मी तुम्हाला वेणी दाखवलीच नाही, फक्त जोडी सांगितली: (३, ४). उजवा आकडा मोठा आहे, म्हणजे शेवटची चाल उ होती. ४ मधून ३ काढा, राहिले (३, १). आता डावा मोठा, म्हणजे त्याआधी डा. (२, १). पुन्हा डावा मोठा, पुन्हा डा. (१, १), संपलं. वेणी होती डा डा उ. धपाटावाली. मोठ्यातून लहान वजा करत जाण्याची ही रीत म्हणजे मसावि काढायची युक्लिडची रीतच. ज्यांचा मसावि १ आहे अशी कुठलीही जोडी घ्या, (१००, ३७) घ्या, तिची अशी एक आणि एकच वेणी असते. गेल्या दीड शतकात हे नातं पुन्हा पुन्हा सापडत आलं आहे. १८५८ साली श्टर्न या जर्मन गणितज्ञाला आणि १८६१ साली ब्रोको या पॅरिसच्या घड्याळजीला त्याची एकेक बाजू दिसली होती. घड्याळजीला दातेरी चाकांचं प्रमाण बसवायचं होतं.

म्हणजे वेगळ्या रांगांची वेणी कधीच एक होत नाही. डा आणि उ यांचा हा सेमीग्रुप काहीच विसरत नाही. प्रत्येक चाल, तिच्या जागेसकट, शेवटपर्यंत वेणीत असते. गणितात अशा रचनेला मुक्त मोनॉइड म्हणतात. लिहिलेला मजकूरही असाच: अक्षरामागे अक्षर, काही गळत नाही, काही मिसळत नाही. उलट फिरता येत नाही ही अट वेणीला आणि लिलावाला सारखीच, पण एकाला सगळं आठवतं आणि दुसऱ्याला फक्त सगळ्यात मोठा आकडा. मला सेमीग्रुपांची ओढ लागली ती इथे. गटांत हा प्रश्नच येत नाही. जिथे मागे जाता येतं तिथे काही हरवत नाही. मागचं दार बंद झालं की मगच कोण किती आठवणीत ठेवतं याला अर्थ येतो.

या दोन टोकांच्या मध्ये काय असतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण याच समुद्राच्या काठी, जरा उत्तरेला जन्मलेल्या माणसाचं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या काळच्या स्टेशनच्या नावावरून ‘डेमलो संख्या’ म्हटलं, यावरून माणूस कसा होता ते कळतं. विद्यापीठांतल्या अनेकांनी त्यांच्या कामाला करमणूक मानलं. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगाचं लक्ष गेलं.

त्यांची सर्वांत गाजलेली क्रिया अशी. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. जे येईल त्यावर तेच पुन्हा. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी किल्ल्याचं काम सुरू केलं ते साल घेऊ, १६७९. ९७६१ वजा १६७९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. आता हलायचं नाव नाही. खांदेरीच्या दीपगृहाचं साल घ्या, १८६७. ७०८३, ८३५२, ६१७४. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४.

मी सहज म्हणून कापरेकरांचं जन्मसाल घेऊन पाहिलं. १९०५: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात, म्हणजे जास्तीत जास्त लांबची वाट. मग जरा बिचकतच त्यांच्या मृत्यूचं साल घेतलं, १९८६. पहिल्याच पावलात ८१७२, आणि तिथून पुढे जन्मसालाचीच वाट. योगायोग आहे, मला मान्य आहे. पण त्या रात्री मी वही लवकर मिटली नाही.

सेमीग्रुपच्या नजरेने बघितलं तर इथे संख्या बाजूला राहतात आणि क्रियाच बघायची असते. कापरेकरांची क्रिया एकदा, दोनदा, तीनदा करणे, असे तिचे घात घेत गेलो की सात वेगळ्या क्रिया मिळतात. आठव्यांदा केलं काय, सातव्यांदा केलं काय, सारखंच. सात क्रियांचा एक छोटा सेमीग्रुप. त्यातली पहिली क्रिया थोडं विसरते, दुसरी आणखी, आणि सातवी सगळंच: हजारो वेगवेगळ्या संख्या एका ठिपक्यात. लिलाव एका दमात विसरतो, ही सावकाश विसरते. दोन अंकी संख्यांवर हाच खेळ केला तर ठिपक्याऐवजी चक्र मिळतं. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. एक-दोन पावलांत तुम्ही त्या रिंगणात शिरता आणि मग फिरत राहता.

इथे एक सामान्य सत्य डोकावतं. कुठलाही सांत सेमीग्रुप घ्या, म्हणजे ज्यात मोजक्याच क्रिया आहेत असा, आणि त्यातली एक क्रिया पुन्हा पुन्हा करत राहा. क्रिया मोजक्या, म्हणून कधीतरी आधीची परत यायलाच हवी. आली की चक्र सुरू. चित्र काढलं तर शेपूट आणि रिंगण, विहिरीवरच्या पोहऱ्यासारखं. शेपटातून रिंगणात जाता येतं, रिंगणातून शेपटात नाही. आणि रिंगणाच्या आत मात्र चक्क गट असतो, घड्याळासारखा पुढे-मागे फिरणारा. ज्या जगात परतीचं तिकीट नाही, त्याच्याही पोटात शेवटी तिकीट सापडतं. खारकिव्हच्या आंतोन सुश्केविच यांनी १९२८ साली दाखवलं की हे सगळ्याच सांत सेमीग्रुपांना लागू आहे: प्रत्येकाच्या गाभ्याशी गट ठासून बसलेले असतात.

त्यानंतर डेव्हिड रीस यांचा निबंध आला, १९४० साली. त्या दिवसांत रीस ब्लेचली पार्कला जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडत होते. दिवसभर उलट फिरवायचं काम, आणि नावावर छापला गेलेला निबंध उलट न फिरणाऱ्या रचनांवर.

आता तो समुद्राचा आकडा. दोनच वस्तू असतील तर गट एकच बनतो, सेमीग्रुप चार. (आरशातल्या प्रतिमा वेगळ्या मोजत नाही.) आठ वस्तू घ्या. आठ वस्तूंचे गट पाच, बोटांवर मोजून संपतात. आठ वस्तूंचे सेमीग्रुप १,८४,३१,२०,१२८. एकशे चौऱ्याऐंशी कोटींच्या वर. नऊ वस्तूंचे गट दोन, सेमीग्रुप सुमारे ५३ लाख कोटी. हे मोजायला संगणक लागले, आणि गणितज्ञ अजून पुढच्या आकड्यांशी झगडत असतात.

एवढी विविधता आहे असं वाटून ऊर भरून येतो न येतो तोच दुसरा धक्का बसतो. त्या आठ वस्तूंच्या एकशे चौऱ्याऐंशी कोटींपैकी ९९ टक्क्यांहून जास्त सेमीग्रुप एकाच साच्याचे आहेत. त्यांत कुठल्याही तीन गोष्टी एकत्र जोडा, उत्तर नेहमी तेच एक, शून्य. दोन जोडल्यावर काहीतरी वेगळं दिसतं, तिसरी लावली की पडदा पडतो. कंस कुठेही टाका, दोन्हीकडे शून्यच, त्यामुळे साहचर्य पाळलं जातं ते असं, काही न करता. सेमीग्रुपांच्या जगात प्रचंड बहुमत आहे ते तिसऱ्याच पावलावर सगळं विसरणाऱ्यांचं. वेणी, कापरेकर, वलांडी हे सगळे त्या उरलेल्या मूठभरांत. माझ्या मते हे गणितातल्या विनोदी सत्यांपैकी एक आहे, आणि विनोद काळा आहे.

आणि सांत जगातली यंत्रं? रस्त्यावरचा सिग्नल, लिफ्ट, मोबाईलचं लॉक, ज्याच्याजवळ मोजक्या अवस्था आहेत आणि बटण दाबलं की अवस्था बदलते असं काहीही. त्या बदलांचा सेमीग्रुप असतो. केनेथ क्रोन आणि जॉन रोड्स यांनी १९६५ साली छापलेलं प्रमेय सांगतं की असं प्रत्येक यंत्र फक्त दोन जातीच्या सुट्या भागांतून जुळवता येतं. एक जात गटांची, उलट फिरणारी. दुसरी भावाच्या पाटीची: पुसा, लिहा, किंवा आहे तसं राहू द्या. तिसरी जात लागत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेजारी कुणी नव्हतं म्हणून भिंतीला सांगितलं.

परतीच्या वाटेचं आणखी एक रूप आहे, आणि ते थळहून अलिबागला आलं की समोर दिसतं. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. गेलात, परत आलात, होतात तिथेच. म्हणजे परतीचं तिकीट आहे. पण ते फक्त वाट उघडी असेल त्या वेळेपुरतं. भरती आली की ‘जाणे’ ही क्रियाच नाही, मग ‘परत येणे’ कुठून? जेवढ्यापुरतं जमतं तेवढ्यापुरतंच उलट फिरणाऱ्या अशा क्रियांचा वेगळा अभ्यास रशियाच्या वाग्नर यांनी १९५२ साली सुरू केला आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी १९५४ साली, एकमेकांना न कळता.

त्याहून सैल सवलत म्हणजे अर्धं तिकीट. कापरेकरांच्या ८१७२ कडे पुन्हा बघा. तो कुठून आला? १९८६ वरून येतो, ९३५१ वरूनही येतो, आणखीही कुठून कुठून. मूळ कुठलं होतं ते आता कळायला मार्ग नाही. पण त्यांतलं कुठलंही एक मनाने ठरवा आणि ‘८१७२ वरून तिथे जा’ अशी क्रिया तयार करा. ही खरी परत नाही, अंदाजपंचे आहे. तरीसुद्धा त्या जागेवरून पुन्हा कापरेकरांची क्रिया केली तर ८१७२ च येतं. करा, अंदाजाने मागे जा, पुन्हा करा: निकाल एकदा केल्यासारखाच. जिथे प्रत्येक क्रियेला असा अर्धा जोडीदार मिळतो त्या सेमीग्रुपांना नियमित म्हणतात. मूळ कल्पना फॉन नॉयमन यांची, १९३६ ची, आणि नियमित सेमीग्रुपांची आतली बांधणी उलगडणारं सर्वांत गाजलेलं काम आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या टोकाला, केरळात झालं. के. एस. एस. नंबूरिपाद यांचा तो प्रबंध १९७९ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने छापला.

वलांडीखाली उभं राहून मला सुचलं ते हेच. सुका बोंबील शिजवण्याआधी पाण्यात भिजवतात. तो मऊ होतो, फुगतो, पण ताजा होत नाही. भिजवणं ही सुकवण्याची खरी परत नव्हे, ते अर्धं तिकीट. आणि भिजवलेला पुन्हा सुकवला तर? सुकवणे, भिजवणे, सुकवणे मिळून नुसतं सुकवणेच व्हायला हवं. नियमित सेमीग्रुपची व्याख्या समोर दोरीवर लोंबत होती. मी खुशीत शेजारी जवळा पाखडत बसलेल्या मावशींना विचारलं, ‘मावशी, सुका बोंबील भिजवला आणि परत उन्हात टाकला, तर होता तसाच सुका होईल ना?’

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘भिजवलेला परत उन्हात? मांजरपण तोंड लावायचं नाय त्याला. तुला पाहिजेत किती ते सांग.’